डिस्क गॉल्फ

गॉल्फच्या धर्तीवर, पण काठी व चेंडू यांऐवजी हाताने तबकडी फेकून खेळावयाचा एक मैदानी खेळ. ठरवून दिलेल्या आरंभस्थानावरून तबकडी फेकावयाची, ती जेथे पडेल तेथून पुन्हा फेकावयाची आणि शेवटी साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत पाडावयाची, असे या खेळाचे स्वरूप आहे. मैदानावरील सर्व टोपल्या पूर्ण करण्यास ज्याला सर्वांत कमी फेकी लागतात, तो विजयी ठरतो. आरंभस्थानापासून टोपलीपर्यंतच्या एका टप्प्यास गॉल्फप्रमाणेच ‘होल’ म्हणतात. येथे जमिनीत खळगा मुळीच नसतो. हा शब्द केवळ गॉल्फवरून चालत आला आहे. मोठ्या मैदानावर सामान्यतः अठरा होल असतात, तर लहान गावांच्या उद्यानांत नऊ होलांची आखूड मैदाने आढळतात. हा खेळ सार्वजनिक उद्यानातच वाढला आणि त्याच्या बहुसंख्य खेळाडूंची त्याच्याशी पहिली ओळख अशा आखूड मैदानावरच होते. म्हणून प्रस्तुत नोंदीत त्या मैदानाचा विचार काहीसा विस्ताराने केला आहे.

ऑलिंपिक सामन्यांतील थाळीफेकीशी या खेळाचे साम्य नावापुरतेच आहे. पुरुषांच्या स्पर्धेतील थाळी २ किग्रॅ. वजनाची असते व ती शक्य तितकी दूर फेकणे एवढाच तिचा उद्देश असतो. डिस्क गॉल्फमधील तबकडी २०० ग्रॅ.पेक्षा जड असू शकत नाही आणि तिच्या बाबतीत अंतराइतकेच, आखूड मैदानावर तर अंतरापेक्षा अधिक, महत्त्व तिच्या मार्गाला असते.

इतिहास : एखादी चपटी वस्तू ठराविक खुणेवर फेकण्याचा खेळ मुले कोठेही आपोआप खेळू लागतात. त्यामुळे या खेळाचा एकच जनक दाखविणे कठीण आहे. कॅनडातील सस्कॅचेवन प्रांतात ब्लॅडवर्थ या खेड्यातील शाळेच्या मुलांनी १९२६ मध्ये टिनची झाकणे वाळूत आखलेल्या वर्तुळांत फेकून गॉल्फसारखा खेळ सुरू केल्याची नोंद आहे. ती मुले मोठी झाल्यावर तो खेळ तेथेच थांबला. पुढे प्लॅस्टिकची तबकडी बाजारात आल्यावर हीच कल्पना अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत (अ. सं. सं.) निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली. कॅलिफोर्निया राज्यात नगरपालिकांच्या क्रीडाकेंद्रांवर काम करणाऱ्या काही तरुणांनी १९६० नंतरच्या दशकात मुलांसाठी असे खेळ आखले. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर येथेही काही खेळाडू झाडे, दिव्यांचे खांब यांना लक्ष्य मानून नियमितपणे खेळत असत. तेथे १९७४ मध्ये झालेल्या स्पर्धेत विजेत्याला मोटारगाडी बक्षीस देण्यात आली. एका नव्या व बहुतेकांना अपरिचित अशा खेळाच्या मानाने हे बक्षीस मोठेच म्हणावे लागेल.

ही तबकडी वॉल्टर फ्रेडरिक मॉरिसन (१९२०–२०१०) याने तयार केली होती. ‘व्हॅम-ओ’ या खेळणी बनविणाऱ्या अमेरिकन कंपनीने १९५७ मध्ये तिचे हक्क घेतले आणि लवकरच तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव दिले. कनेक्टिकट राज्यातील ब्रिजपोर्ट येथील फ्रिस्बी नावाच्या बेकरीच्या पत्र्याच्या थाळ्या विद्यार्थी एकमेकांकडे फेकीत असत; त्यांवरून हे नाव आले असे मानतात. याच कंपनीत काम करणाऱ्या एड हेड्रिक (१९२४–२००२) याने तबकडीच्या वरच्या पृष्ठावर समकेंद्री उंचवटे ठेवून तिचे उड्डाण स्थिर केले. या सुधारणेचे एकस्व त्याला १९६७ मध्ये मिळाले. खेळणे म्हणून विकल्या जाणाऱ्या तबकडीला खेळाच्या साधनाची प्रतिष्ठा मिळाली, ती मुख्यतः त्याच्यामुळे.

लॉस अँजेल्सजवळील ला कॅन्याडा फ्लिंट्रिज येथील ओक ग्रोव्ह उद्यानात हेड्रिकने १९७५ मध्ये कायमस्वरूपी मैदान आखले. या प्रकारचे ते पहिले मैदान मानले जाते. पुढे या उद्यानाचे नाव हाहामोंग्ना असे बदलले. प्रारंभी तेथे लक्ष्य म्हणून नुसते खांब रोवले होते. तबकडी खांबाला लागली की नुसती चाटून गेली, यावर खेळाडूंत वाद होत. हे वाद मिटावेत म्हणून हेड्रिक व त्याचा मुलगा यांनी खांबाभोवती लोंबत्या साखळ्या व त्यांच्याखाली टोपली बसविली. या रचनेचे एकस्व १९७७ मध्ये मिळाले. साखळ्या तबकडीचा वेग शोषून घेतात व ती खाली टोपलीत पडते. शिवाय त्यांचा खळखळाट दूरवर ऐकू येतो, त्यामुळे निकाल साऱ्यांना एकाच वेळी कळतो. खेळाला पंचाची गरज उरली नाही याचे बरेचसे श्रेय या साध्या साधनाला द्यावे लागते. हेड्रिकनेच १९७६ मध्ये व्यावसायिक डिस्क गॉल्फ संघटनेची (इंग्रजी आद्याक्षरांवरून पीडीजीए) स्थापना केली. नंतर तिचे नियंत्रण खेळाडूंकडे सोपविण्यात आले. खेळाचे नियम व साधनांची मानके आज हीच संघटना ठरविते. हेड्रिकच्या मृत्यूनंतर त्याच्या इच्छेनुसार त्याची रक्षा प्लॅस्टिकमध्ये मिसळून स्मारक-तबकड्या तयार करण्यात आल्या.

यानंतरची महत्त्वाची घटना १९८३ सालची. त्या वर्षी डेव्ह ड्युनिपेस याने तिरप्या, निमुळत्या कडेची तबकडी बनविली. जाड, गोलसर कडेच्या जुन्या तबकडीपेक्षा ती हवा सहज कापीत असल्याने कितीतरी दूर जाऊ लागली. खेळाच्या दृष्टीने ही प्रगती होती. उद्यानाच्या दृष्टीने मात्र ती एक अडचण ठरली. जुन्या तबकडीच्या पल्ल्याला अनुसरून आखलेले होल बलवान खेळाडूंना एका फेकीचे झाले, आणि चुकलेली तबकडी पूर्वीपेक्षा अधिक वेगाने व अधिक दूर, म्हणजे फिरावयास आलेल्या माणसांपर्यंत, जाऊ लागली. व्यावसायिक खेळ त्यानंतर हळूहळू मोठ्या, स्वतंत्र मैदानांकडे वळला. गावातील आखूड मैदानाचे काय करावयाचे, हा प्रश्न तेव्हापासून उभा आहे.

साहित्य : मान्यताप्राप्त तबकडीचा व्यास किमान २१ सेंमी. असावा लागतो, वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरमागे ८·३ ग्रॅ.पेक्षा व एकूण २०० ग्रॅ.पेक्षा अधिक चालत नाही. बहुतेक तबकड्या २१ सेंमी.पेक्षा किंचित मोठ्या व १५० ते १७५ ग्रॅ. वजनाच्या असतात. त्यांचे तीन मुख्य प्रकार आहेत. लांब फेकीसाठी रुंद व धारदार कडेची ‘ड्रायव्हर’, मध्यम अंतरासाठी ‘मिडरेंज’ आणि टोपलीत टाकण्यासाठी बोथट कडेची ‘पटर’. तबकडीवर बहुधा चार आकडे छापलेले असतात. त्यांवरून तिला लागणारा वेग, तिची तरंगण्याची क्षमता, वेगात असताना तिचे वळणे आणि वेग मंदावल्यावर तिचे वळणे यांची कल्पना येते. हौशी खेळाडू पिशवीभर तबकड्या बाळगतो. पण आखूड मैदानावर एक पटर व एक मिडरेंज एवढ्यांवर उत्तम खेळता येते. नवशिक्याने तर ड्रायव्हर घेऊच नये. त्या तबकडीला जो वेग द्यावा लागतो तो त्याच्या हातात नसतो, आणि पुरेशा वेगाअभावी ती लगेच एका बाजूस कलंडून पडते. दुकानदार बहुधा हे सांगत नाहीत.

टोपलीची कड जमिनीपासून सु. ८० सेंमी. उंचीवर असते. तिच्यावर वर्तुळाकार कड्याला साखळ्यांचे दोन थर टांगलेले असतात. तबकडी टोपलीत किंवा साखळ्यांत स्थिरावली तरच होल पूर्ण होतो. वरच्या कड्यावर जाऊन बसलेली किंवा टोपलीच्या जाळीतून बाजूने घुसलेली तबकडी धरीत नाहीत. अशा एका टोपलीला काहीशे डॉलर खर्च येतो. म्हणजे नऊ होलांचे मैदान एखाद्या लहान नगरपालिकेलाही परवडते. गवत गालिच्याप्रमाणे राखावे लागत नाही, झाडे तोडावी लागत नाहीत, पाण्याचा खर्च नाही. जागाही दोन-चार हेक्टर पुरते. अठरा होलांच्या गॉल्फ मैदानाला साधारणतः पन्नास हेक्टर किंवा त्याहून अधिक लागते.

तबकडीचे उड्डाण : आखूड मैदानावरील सारी चतुराई तबकडीच्या वळणावर अवलंबून असते, म्हणून त्याचे कारण समजून घेणे आवश्यक आहे. तबकडीच्या उड्डाणाला दोन गोष्टी लागतात : पुढे जाण्याचा वेग आणि स्वतःभोवतीची फिरकी. वेगामुळे तिच्या वरून व खालून वाहणाऱ्या हवेच्या दाबांत फरक पडतो व तिला वर उचलणारे बल मिळते. हे बल तबकडीच्या बरोबर मध्यावर क्वचितच कार्य करते. ते मध्याच्या पुढे कार्य करीत असेल, तर तबकडीचे नाक वर उचलले जाऊन ती उलटावयास हवी. न फिरणारी तबकडी तशी उलटतेही. परंतु फिरणाऱ्या वस्तूचे वर्तन निराळे असते. फिरता भोवरा कलला तरी सरळ खाली न पडता आडव्या दिशेने झुलत राहतो. त्याचप्रमाणे नाक उचलू पाहणाऱ्या बलामुळे फिरती तबकडी नाक न उचलता एका कुशीवर कलते.

उजव्या हाताने, छातीसमोरून बाहेरच्या बाजूस हात नेऊन फेकलेली तबकडी वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते. आरंभी वेग जास्त असतो व तबकडी हवेला जवळजवळ समांतर असते. तेव्हा बल मध्याच्या किंचित मागे पडते व तबकडीचा कल उजवीकडे होतो. वेग मंदावला की ती खाली येऊ लागते. हवा मग तिला खालच्या बाजूने अधिक तिरकी भिडते, बल मध्याच्या पुढे सरकते आणि तबकडी डावीकडे वळत उतरते. मोठ्या फेकीचा मार्ग म्हणूनच इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखा ताणलेला दिसतो. आखूड फेकीत पहिला भाग जवळजवळ जाणवत नाही, दुसरा मात्र हमखास येतो. डावखुऱ्या खेळाडूच्या किंवा तळहात पुढे करून फेकलेल्या तबकडीच्या बाबतीत दिशा उलट होते. समोरून वारा असेल, तर हवेच्या मानाने तबकडीचा वेग वाढतो व ती उजवीकडे अधिक वळते. वारा पाठीमागून असेल, तर ती लवकर डावीकडे पडते. अनुभवी खेळाडू टोपलीकडे पाहण्यापूर्वी चिमूटभर गवत हवेत उडवून पाहतो, ते याचसाठी.

तबकडी हातातून सुटताना ती मुद्दाम कलती ठेवता येते. उजव्या हाताच्या नेहमीच्या फेकीत तिची डावी कड खाली ठेवल्यास (‘हायझर’) ती आरंभापासूनच डावीकडे गोलाई घेते. उलट उजवी कड खाली ठेवल्यास (‘ॲनहायझर’) आधी उजवीकडे जाऊन मग सरळ होते. या दोन कलांवर आखूड मैदानावरचे बहुतेक प्रश्न सुटतात.

आखूड मैदानावरील खेळ : अशा मैदानावर होल साधारणतः ४५ ते ७५ मी. लांबीचे असतात व प्रत्येकाला तीन फेकींचे प्रमाण (‘पार’) धरलेले असते. नऊ होल पाऊण तासात पूर्ण होतात. शाळा सुटल्यावर मुले, संध्याकाळी कामावरून परतलेली माणसे आणि सकाळी निवृत्त मंडळी असे निरनिराळ्या वयांचे लोक एकाच मैदानावर खेळू शकतात.

लांबी कमी म्हणजे खेळ सोपा, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती चुकीची आहे. लांब होलावर बलवान खेळाडू आपली चूक ताकदीने भरून काढू शकतो. आखूड होलावर ताकदीला वावच नसतो. तेथे आखणी करणारा झाडे, उतार, पायवाट, पाण्याचा नाला असे जे काही उद्यानात आधीच असते, त्याच्या आधाराने मार्ग अरुंद करतो. उदाहरणादाखल ६० मी. लांबीचा एक होल घेता येईल. आरंभस्थानापासून २० मी.वर समोरच एक जुने झाड आहे. टोपली त्याच्या मागे, किंचित डावीकडे उताराच्या कडेला आहे. उजव्या अंगाने पायवाट जाते व ती मैदानाबाहेर धरली आहे. उजव्या हाताच्या खेळाडूला झाडाच्या उजवीकडून डावीकडे वळणारी फेक हा स्वाभाविक मार्ग वाटतो. पण वेग जरा जास्त झाला, तर तबकडी वळण्यापूर्वीच पायवाट ओलांडते. कमी झाला, तर ती लवकर वळून बुंध्यावर आदळते. डावीकडून तळहात पुढे करून फेकल्यास पायवाटेचे भय नाही, परंतु ती तबकडी शेवटी उजवीकडे वळत उतरत असल्याने झाड पुरते मागे टाकल्याखेरीज तिला टोपलीकडे येता येत नाही. नेम साधला नाही तर ती उतारावरून घरंगळत जाते. तिसरा मार्ग सर्वांत कमी आकर्षक व बहुधा सर्वांत शहाणपणाचा : पटरची एक मंद फेक झाडापलीकडच्या मोकळ्या गवतावर टाकावयाची आणि दुसरी टोपलीजवळ. नवशिका या होलावर पाच फेकी घेतो, तरबेज खेळाडू दोन. फरक बाहुबलाचा नसतो.

टोपलीजवळ आल्यावर खेळाचे स्वरूप पालटते. टोपलीपासून १० मी.च्या वर्तुळात फेक केल्यानंतर खेळाडूने तोल सांभाळून स्थिर उभे राहावे लागते. पडत-धावत पुढे जाता येत नाही. सात-आठ मीटरांवरून जोरात फेकलेली तबकडी साखळ्यांवर बसली तर उत्तम. चुकली तर ती तेवढीच पलीकडे जाते व पुढची फेकही तितकीच अवघड होते. हळू फेकलेली तबकडी टोपलीच्या कडेला थडकून खाली पडते, पण जवळच पडते. कडेवर उभी पडलेली तबकडी चाकासारखी घरंगळते, आणि उतारावर तिने पार केलेले अंतर कधीकधी मूळ फेकीपेक्षाही मोठे असते. म्हणून टोपली उताराच्या कडेला ठेवणे हा आखणी करणाऱ्यांचा आवडता डाव आहे. एकाच फेकीत टोपली साधणे (‘एस’) हे प्रत्येक खेळाडूचे स्वप्न असते. सामान्य खेळाडूच्या बाबतीत ते खरे होण्याची शक्यता लांब मैदानांपेक्षा अशा आखूड होलांवरच अधिक असते. या खेळातील सर्वांत गाजलेली फेकही लांबीने उद्यानातल्या होलाएवढीच होती : ऑग्डेन (यूटा राज्य) येथील २०२१ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत अखेरच्या होलावर जेम्स कॉन्‌रॅड याने सु. ७५ मी.वरून तबकडी थेट टोपलीत टाकून पॉल मॅकबेथशी बरोबरी साधली व नंतरच्या निर्णायक खेळात विजेतेपद मिळविले.

नियम : प्रत्येक होलाच्या आरंभी, मागील होलावर ज्याला सर्वांत कमी फेकी लागल्या तो प्रथम फेकतो, नंतर टोपलीपासून जो सर्वांत दूर असेल त्याची पाळी असते. तबकडी थांबली तेथे एक लहान खूण-तबकडी ठेवतात व फेकताना एक पाय तिच्यामागील २० सेंमी. रुंद व ३० सेंमी. लांब जागेत असावा लागतो. फेकण्यास ३० सेकंद मिळतात. मैदानाबाहेर गेलेल्या तबकडीबद्दल एका फेकीचा दंड होतो. हरवलेली तबकडी तीन मिनिटांत सापडली नाही तर तोच दंड. झाडावर दोन मीटरांपेक्षा उंच अडकलेल्या तबकडीबद्दल दंड करावयाचा की नाही, हे स्पर्धेच्या संचालकाच्या निर्णयावर असते. पाय चुकीच्या जागी पडला किंवा वेळ लागला, तर ते सांगण्याचे काम सहखेळाडूंचेच असते. गुणही तेच मांडतात. उद्यानात मित्रमंडळी खेळताना यांपैकी निम्मे नियम कोणी पाळीत नाही, आणि त्यावाचून काही अडतही नाही. मात्र एक नियम सर्वत्र व सर्वांनी पाळावयाचा असतो : मार्गात कोणीही माणूस असेल, तर तो जाईपर्यंत तबकडी फेकावयाची नाही.

आखणी व सुरक्षितता : हा शेवटचा नियम सौजन्याचा नसून आवश्यकतेचा आहे. दीडशे ग्रॅमहून जड, कठीण कडेची तबकडी वेगात असताना डोक्याला लागली, तर गंभीर इजा होऊ शकते. गॉल्फचे मैदान कुंपण घालून वेगळे ठेवता येते. उद्यान मात्र सर्वांचे असते. तेथे मुले खेळतात, वृद्ध फिरतात, कुटुंबे डबे घेऊन बसतात, आणि त्यांच्यापैकी कोणालाही आपण एखाद्या होलाच्या मार्गात उभे आहोत याची कल्पना नसते. म्हणून होल पायवाटांना छेदू नयेत, मुलांच्या घसरगुंड्या व झोपाळे यांच्या दिशेने कोणतीही फेक जाऊ नये आणि एका होलाची चुकलेली तबकडी दुसऱ्या होलाच्या आरंभस्थानावर येऊ नये, ही आखणीची प्राथमिक पथ्ये होत. तीन एकरांत अठरा टोपल्या कोंबण्याचा मोह काही ठिकाणी आवरलेला नाही. त्यापेक्षा तेवढ्याच जागेत सहा होल ठेवणे इष्ट.

नव्या तबकडीमुळे उभ्या राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर काही आखूड मैदानांवर उलट दिशेने शोधले गेले आहे. मैदान लांबविण्याऐवजी तेथे साधन मर्यादित ठेवतात : फक्त पटर वापरून खेळावे, असा संकेत किंवा स्थानिक नियम असतो. बोथट कडेची ही तबकडी फार दूर जात नाही, तुलनेने सावकाश उडते आणि लागली तरी तिची इजा कमी असते. याने खेळ बेचव होतो ही तक्रार लांब फेकणाऱ्यांकडून येते. वस्तुतः पटर लांब पल्ल्यावर अचूक फेकणे हे ड्रायव्हर फेकण्यापेक्षा अवघड आहे. मनगट जरा चुकले तरी ही तबकडी डगमगते व चूक लपू देत नाही. कित्येक प्रशिक्षक म्हणूनच नवशिक्याला प्रथम पटरच फेकावयास लावतात.

माणसांप्रमाणे झाडांचा व जमिनीचाही प्रश्न आहे. आरंभस्थानासमोरच्या झाडांच्या सालीवर तबकड्यांचे घाव बसतात. सतत त्याच जागी पाय पडल्याने टोपलीभोवतीची माती घट्ट होते, गवत मरते आणि उतारावर पावसाने माती वाहून जाते. टेक्सस राज्यातील ऑस्टिन येथे पीझ उद्यानात ओढ्याकाठी असलेले जुने व अतिशय लोकप्रिय मैदान २०११ च्या सुमारास याच कारणांनी बंद करून शहराच्या दुसऱ्या उद्यानात नवे मैदान करण्यात आले. तेथील खेळाडूंना हा निर्णय जाचक वाटला असल्यास नवल नाही. पण मैदान ओस पडल्याने नव्हे, तर फार खेळले गेल्याने बंद पडले, हे लक्षात घेण्यासारखे आहे. यावरचे उपाय साधे आहेत. टोपलीसाठी दोन-तीन खोबणी करून ती आलटूनपालटून हलविणे, पायाखाली लाकडाचा भुसा पसरणे, जवळच्या झाडांपुढे लाकडी खुंट रोवणे आणि पावसाळी दिवसांत मैदान बंद ठेवणे हे त्यांपैकी काही होत. ते मैदान सुरू करतानाच करावयास हवेत. झाड खरवडून निघाल्यावर त्यांचा उपयोग नसतो.

एम्पोरिया : लहान गाव व हा खेळ यांच्या संबंधाचे ठळक उदाहरण म्हणून अ. सं. सं.च्या कॅन्झस राज्यातील एम्पोरियाचा उल्लेख करावा लागेल. सु. २४ हजार वस्तीचे हे गाव एरवी ‘एम्पोरिया गॅझेट’ या वृत्तपत्राचा संपादक विल्यम ॲलन व्हाइट (१८६८–१९४४) याच्यामुळे ओळखले जाते. त्याची मुलगी मेरी १९२१ मध्ये घोड्यावरून रपेट करताना झालेल्या अपघातात, ऐन सोळाव्या वर्षी मरण पावली. तिच्याविषयी त्याने लिहिलेला मृत्युलेख अमेरिकन वृत्तपत्रसृष्टीत प्रसिद्ध आहे. व्हाइट कुटुंबाने तिच्या स्मरणार्थ गावाला जमीन दिली व तेथे कॉटनवुड नदीकाठी पीटर पॅन उद्यान उभे राहिले. मुलांनी मोकळेपणी हिंडावे म्हणून दिलेल्या या जागेत झाडांच्या सावलीत डिस्क गॉल्फचे मैदान आहे. गावात याशिवाय जोन्स उद्यानात व गॉल्फ क्लबच्या आवारात लांब मैदाने आहेत. तबकड्या विकणारी व बनवून घेणारी एक कंपनी येथे २००५ मध्ये सुरू झाली. तिच्या पुढाकाराने भरणाऱ्या वार्षिक स्पर्धेस दूरदूरचे खेळाडू येऊ लागले. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१६ व २०२२ मध्ये याच गावी झाल्या. दुसऱ्या स्पर्धेत पुरुषांत पॉल मॅकबेथ व स्त्रियांत एस्टोनियाची क्रिस्टिन टॅटार यांनी विजेतेपद मिळविले. अजिंक्यपदाचे सामने अर्थातच लांब मैदानांवर झाले. व्यावसायिक खेळ आणि नदीकाठचे आखूड मैदान या दोन्हींना एकाच गावात आपापली जागा मिळाली आहे, असे चित्र फार ठिकाणी दिसत नाही.

प्रसार : जगात या खेळाची पंधरा हजारांहून अधिक मैदाने असून त्यांपैकी बहुसंख्य अ. सं. सं.त आहेत. ती बहुतांशी सार्वजनिक असून तेथे खेळण्यास शुल्क पडत नाही. कोव्हिड–१९ च्या साथीत (२०२०-२१) बंदिस्त क्रीडागृहे ओस पडली असता उघड्यावर व एकमेकांचे साहित्य न हाताळता खेळता येणाऱ्या या खेळाकडे लोक मोठ्या संख्येने वळले. पीडीजीएची चालू सभासदसंख्या २०२१ मध्ये एक लाखावर गेली. यूरोपात फिनलंड, एस्टोनिया, स्वीडन, नॉर्वे या देशांत तो विशेष रुजला आहे. लोकसंख्येच्या मानाने मैदानांची संख्या सर्वाधिक आहे ती आइसलँडमध्ये. चार लाखांच्या आसपास वस्तीच्या या देशात सत्तरांहून अधिक मैदाने असून त्यांपैकी बरीचशी लहान गावांतील नऊ होलांची आहेत. राजधानी रेक्याव्हीकमधील क्लाम्ब्राटून या शहरी उद्यानातही असेच नऊ होलांचे मैदान आहे. आइसलँडमध्ये उंच झाडे विरळ असल्याने मार्ग अरुंद करण्याचे जे काम इतरत्र झाडे करतात, ते तेथे वारा करतो. एकच होल सकाळी दोन फेकींचा असतो, तर दुपारी चार फेकींचा होतो.